लाल बुरशीचा भात आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द

आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात गेल्या काही वर्षांत एक नवा वाङ्मयप्रकार रूढ झाला आहे. तो म्हणजे रक्ततपासणीचा अहवाल. ज्या टेबलावर एकेकाळी नव्या कवितासंग्रहांची देवघेव होत असे, तेथे आता ‘एलडीएल’, ‘एचडीएल’ आणि ‘ट्रायग्लिसराइड्स’ यांचे आकडे वाचले जातात, त्यांची तुलना होते, प्रसंगी त्यांवर टीकाही होते. आम्ही सारे चाळिशी ओलांडलेले. त्यामुळे या वाङ्मयप्रकाराचे आम्ही एकाच वेळी लेखकही आहोत आणि वाचकही.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी संस्कृत शिकवीत. कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी डॉक्टरांनी दिलेली ‘स्टॅटिन’ वर्गातील गोळी ते नियमाने घेत. परंतु तिच्याविषयी त्यांच्या मनात अढी होती. ‘शेवटी रसायनच ते,’ असे ते म्हणत. पुढे परदेशातून आलेल्या पुतण्याने त्यांना एक बाटली आणून दिली. आत विटकरी रंगाच्या कॅप्सूल, वर ‘रेड यीस्ट राइस’ हे नाव आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘नैसर्गिक’ हा शब्द. आंबवलेला तांदूळच तर आहे, त्याने काय बिघडणार, असा विचार करून सरांनी गोळीच्या जोडीने तो सुरू केला. हळूहळू गोळी सोडता येईल अशी त्यांना आशा होती. दीड महिन्यात त्यांच्या मांड्या इतक्या दुखू लागल्या की दुसऱ्या मजल्यावरील वर्गापर्यंत जाताना मध्ये थांबावे लागे. ‘आणखी काही घेता का?’ असे डॉक्टरांनी दोनदा विचारले आणि सरांनी दोन्ही वेळा मनापासून ‘नाही’ म्हटले. तांदूळ हे औषध आहे असे त्यांना वाटलेच नव्हते. तिसऱ्यांदा विचारल्यावर बाटलीचा विषय निघाला. लेबल वाचून डॉक्टर म्हणाले, ‘सर, तुम्ही एकाच जातीचं औषध दोन नावांनी घेत होता.’ तो तांदूळ बंद झाला, गोळीही काही काळ थांबवली गेली आणि काही आठवड्यांत दुखणे उतरले.

एकच वस्तू आणि दोन नावे: हा विषय वास्तविक आम्हा भाषेच्या अध्यापकांचा. म्हणून या तांदळाचा इतिहास आम्ही धुंडाळू लागलो. जे हाती आले ते एका औषधाच्या इतिहासाइतकेच एका शब्दाच्या इतिहासासारखे वाटले.

आंबणे आणि बुरसणे

प्रथम नावाविषयी. ‘रेड यीस्ट राइस’ हे नाव दोन ठिकाणी दिशाभूल करते. हा पदार्थ यीस्टपासून होत नाही. ‘मोनॅस्कस’ नावाच्या बुरशीपासून होतो. शिजवलेल्या पांढऱ्या भातावर ही बुरशी वाढवली की दाणा आतपर्यंत लाल होतो. मग तो वाळवून ठेवतात. म्हणजे तांदूळ मूळचा लाल नसतो. कोकणात जो लाल तांदूळ पेजेसाठी आपण वापरतो, त्याची लाली दाण्याच्या सालीची असते. बुरशीशी तिचा संबंध नाही. चरकसंहितेने ज्या लाल साळीला शूकधान्यांत श्रेष्ठ पथ्य मानले, तीही हीच सालीची लाली. रंग एक आणि धान्य एक, म्हणून या दोन वस्तूंची गल्लत सहज होते आणि ‘हे तर आपल्या आयुर्वेदातही आहे’ असे विधान आत्मविश्वासाने केले जाते. ते बरोबर नाही.

दुसरा शब्द ‘आंबवलेला’. आंबोळी, इडली, आंबील यांवर वाढलेल्या मराठी माणसाला तो जिव्हाळ्याचा वाटतो. आंबवण्याची विद्या आपल्याकडेही प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात उडीद आणि तांदूळ यांपासून ‘किण्व’ तयार करण्याची कृती दिलेली आहे आणि आजच्या मराठी विज्ञानपुस्तकांतील ‘किण्वन’ हा शब्द त्याच किण्वाचा वंशज आहे. परंतु आपल्या बोलीने येथे एक सूक्ष्म भेद जपला आहे. पीठ आंबते, दूध नासते, फळ कुजते आणि भाकरी बुरसते. आंबलेले आपण खातो, बुरसलेले फेकतो. चार क्रियापदांत स्वयंपाकघराचे शेकडो वर्षांचे ज्ञान साठलेले आहे. आता प्रश्न असा की मोनॅस्कसने माखलेला भात आंबलेला म्हणावा की बुरसलेला? वस्तुतः तो बुरसलेला आहे. पण जाणत्या हातांनी, निवडलेल्या बुरशीने बुरसवलेला. आंबणे आणि बुरसणे यांच्या सीमारेषेवर हा पदार्थ उभा आहे, आणि ती सीमा निसर्गाने आखलेली नाही. ती माणसाने राखलेली आहे.

एका अपयशी परीक्षार्थ्याचा ग्रंथ

ही सीमा किती सावधपणे राखली जात असे, याची उत्तम साक्ष १६३७ साली चीनमध्ये छापलेल्या ‘थिएन-कुंग खाय-वू’ या ग्रंथात मिळते. त्याचा कर्ता सुंग यिंग-शिंग. राजसेवेची सर्वोच्च परीक्षा तो पुनःपुन्हा देत राहिला आणि प्रत्येक वेळी अनुत्तीर्ण झाला; अखेर एका जिल्ह्याच्या गावी अध्यापनाचे साधे पद पत्करून त्याने शेती, मीठ, कागद, धातू, रंग, मद्य अशा सर्व उद्योगांचा हा सचित्र ग्रंथ लिहिला. या ग्रंथाचा मानमरातब मिळवण्याशी काहीही संबंध नाही, असे त्याने प्रस्तावनेतच सांगून टाकले आहे. अध्यापक वाचकांना हा लेखक जवळचा वाटावा. ग्रंथाचे शीर्षकही विचार करण्याजोगे आहे: त्यात निसर्गाचे कर्तृत्व आणि माणसाने उलगडलेल्या वस्तू या दोन्ही कल्पना शेजारी शेजारी नांदतात.

या ग्रंथात किण्वावरील प्रकरणात लाल भाताची कृती येते. तांदूळ सात दिवस पाण्यात भिजवायचा. तोवर त्याला असह्य दुर्गंधी सुटते. मग तो वाहत्या नदीच्या पाण्यात स्वच्छ धुवायचा, वाफवायचा, त्यात विरजणासारखे बीज मिसळायचे, तुरटीचे पाणी द्यायचे आणि बांबूच्या तबकांत पसरून वारा खेळता ठेवायचा. भात आधी बर्फासारखा पांढरा असतो. एकदोन दिवसांत तो काळा पडतो. काळ्याचा तपकिरी, तपकिरीचा गेरूसारखा, गेरूचा लाल होतो आणि लालीची परमावधी झाली की किंचित पिवळसर झाक येते. कामगारांनी हात आणि तबके अतिशय स्वच्छ ठेवली पाहिजेत, कणभर घाण गेली तरी सारे काम फसते, असे सुंग बजावतो. या वाक्याकडे आम्हांस पुन्हा यावे लागणार आहे.

सुंगला या भाताचे कौतुक कशासाठी वाटते? मासे आणि मांस यांवर त्याचा पातळ लेप दिला की ऐन उन्हाळ्यातही ते टिकते, दहा दिवस माश्याही फिरकत नाहीत, यासाठी. म्हणजे त्याच्या लेखी हा पदार्थ अन्नरक्षक आहे. मद्य गाळणाऱ्यांच्या लेखी तो किण्व होता, फूच्येन प्रांतातील तांबडी तांदळाची दारू त्यापासूनच होते. आणि स्वयंपाक्याच्या लेखी तो रंग होता.

त्याला औषधाची ओळखही होती. ली शि-चन या वैद्याचा ‘पन्-त्साओ कांग-मू’ हा प्रचंड औषधिकोश त्याच्या मृत्यूनंतर १५९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात लाल भाताची नोंद आहे. जुन्या औषधिग्रंथांत हा पदार्थ आढळत नाही, ही अलीकडच्या काळातील अद्भुत क्लृप्ती आहे, असे ली लिहितो. आणि अन्नपचन, रक्ताचे चलनवलन, प्लीहा व जठर यांचे बळ, आव या संदर्भात त्याचे गुण सांगतो. दोन गोष्टी येथे नजरेत भराव्यात. पहिली अशी की ज्याला आजच्या जाहिराती ‘सहस्रावधी वर्षांचे निसर्गाचे देणे’ म्हणतात, त्याला सोळाव्या शतकातील चिनी वैद्य माणसाची नवी करामत मानीत होता. दुसरी अशी की त्यात कोलेस्टेरॉलचा उल्लेख नाही, आणि असणे शक्यही नव्हते. ग्रीक भाषेतील ‘पित्त’ आणि ‘घन’ या अर्थांच्या शब्दांपासून तो शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिशेल शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पित्ताच्या खड्यांतील पदार्थासाठी घडवला. रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचे नाते तर विसाव्या शतकात उलगडले. परंपरेने जे वचन दिलेच नव्हते, ते तिच्या तोंडी घालण्याचे काम लेबलांनी केले. प्रक्षिप्त ओव्या ओळखण्याचा सराव असलेल्या वाचकांस हा प्रकार अपरिचित नसावा.

क्योटोच्या दुकानातील तांदूळ

यानंतरची कथा जपानमध्ये घडते. जपानमध्ये या भाताला ‘बेनि-कोजी’ म्हणतात. आकिरा एंदो हे १९३३ साली आकिता प्रांतातील शेतकरी कुटुंबात जन्मलेले जीवरसायनशास्त्रज्ञ. अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे चरित्र त्यांनी तरुणपणी वाचले आणि बुरशीतून औषध निघू शकते ही कल्पना त्यांच्या मनात रुजली. १९६६ ते १९६८ या काळात ते न्यूयॉर्क येथे होते. तेथे हृदयविकाराचे प्रमाण पाहून कोलेस्टेरॉलचा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटू लागला. आपले यकृत स्वतः कोलेस्टेरॉल तयार करते आणि त्या साखळीतील एक विकर, म्हणजे एन्झाइम, रोखले की उत्पादन मंदावते, हे तोवर कळले होते. शत्रूंशी लढताना एखाद्या बुरशीने हेच विकर रोखणारे अस्त्र घडवले असेल, असा एंदोंचा तर्क होता. सान्क्यो या औषधकंपनीत त्यांनी १९७१ पासून दोन वर्षांत सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासले.

पहिला उमेदवार १९७२ साली सापडला. तो होता सिट्रिनिन नावाचा पदार्थ. तो विकर रोखत असे खरा, पण उंदरांची मूत्रपिंडे बिघडवीत असे. म्हणून एंदोंनी तो सोडून दिला. सिट्रिनिन हे नाव वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे. दुसरा उमेदवार १९७३ साली मिळाला, क्योटोमधील एका धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरील निळसर-हिरव्या बुरशीतून. तिचे नाव पेनिसिलियम सिट्रिनम. तिच्यातून ‘कॉम्पॅक्टिन’ निघाले. स्टॅटिन कुळाचे ते पहिले औषध. १९७८ साली ओसाका येथे आनुवंशिक कोलेस्टेरॉल-विकार असलेल्या एका तरुण मुलीला ते प्रथम देण्यात आले. कोलेस्टेरॉल उतरले, पण स्नायूंची दुर्बलताही आली आणि प्रमाण घटवावे लागले. आमच्या सरांच्या दुखऱ्या मांड्यांची हकीकत या कुळाच्या पहिल्याच पानावर अशी लिहिलेली होती.

पुढे एंदो टोकियोतील कृषी व तंत्रविद्यापीठात गेले आणि १९७९ साली त्यांनी मोनॅस्कस बुरशीतून, म्हणजे लाल भाताच्याच कुळातून, एक नवा पदार्थ मिळवला: ‘मोनॅकोलिन के’. त्याच सुमारास अमेरिकेत मर्क कंपनीच्या संशोधकांनी अ‍ॅस्परजिलस टेरियस या वेगळ्याच बुरशीतून ‘मेविनोलिन’ शोधले होते. दोन्हींची रचना ताडून पाहता रेणू एकच निघाला. ‘लोवास्टॅटिन’ या नावाने १९८७ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. बाजारात आलेले ते पहिले स्टॅटिन. म्हणजे कॅप्सूलमधील मोनॅकोलिन के आणि गोळीतील लोवास्टॅटिन हे जुळे भाऊ नव्हेत, सारखे रेणूही नव्हेत; ती एकच व्यक्ती आहे, दोन दाखल्यांवर दोन नावे असलेली. आणि गंमत अशी की ज्याला सर ‘रसायन’ म्हणून हिणवीत होते, त्या कुळाचा उगमही एका धान्याच्या दुकानातील बुरसलेल्या तांदळातच आहे. ‘नैसर्गिक’ विरुद्ध ‘रासायनिक’ हे द्वंद्व येथे कोलमडून पडते.

खाद्य की औषध?

तरीही ते द्वंद्व बाजारात टिकले, कारण कायदा त्यावर उभा होता. १९९४ साली अमेरिकेत झालेल्या एका कायद्याने पूरक आहाराला औषधापेक्षा पुष्कळ सैल नियम लावले. फार्मानेक्स नावाची कंपनी लाल भाताची ‘कोलेस्टिन’ ही कॅप्सूल विकू लागली. यात मान्यताप्राप्त औषधाचाच रेणू आहे, सबब हे औषध आहे, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली ठरवले. १९९९ मध्ये युटा येथील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला; २००० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला; २००१ मध्ये प्रशासनाची भूमिका कायम झाली. तीन वर्षे विद्वान वकील ‘वस्तू’ या एका शब्दाचा अर्थ लावीत होते: कायद्यातील ‘वस्तू’ म्हणजे संपूर्ण भात की त्यातील रेणू? टीकाशास्त्राच्या कोणत्याही चर्चासत्रात शोभावा असा हा वाद आहे.

निकालाचा परिणाम मात्र विपरीत झाला. मोनॅकोलिनचे नाव घेतले की माल ‘औषध’ ठरतो, हे पाहून विक्रेत्यांनी ते नाव घेणेच टाळले. कॅप्सूल विकल्या जातच राहिल्या. आत काय आणि किती, हे लेबलावर येईनासे झाले. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अशा १२ उत्पादनांचे पृथक्करण केले होते. एकेका कॅप्सूलमधील मोनॅकोलिन के ०.१० मिलिग्रॅमपासून १०.०९ मिलिग्रॅमपर्यंत होते, म्हणजे शंभरपट फरक. आणि १२ पैकी ४ उत्पादनांत सिट्रिनिन सापडले. तेच सिट्रिनिन, जे एंदोंनी १९७२ साली दूर ठेवले होते. मोनॅस्कसच्या काही जाती ते स्वतःच तयार करतात, हे १९९५ मध्ये स्पष्ट झाले होते. त्यापूर्वी जीवाणूनाशक गुणासाठी ‘मोनॅसिडिन ए’ या नावाने ओळखला जाणारा पदार्थ तपासाअंती सिट्रिनिनच निघाला. येथेही पुन्हा एकाच वस्तूची दोन नावे; एक रक्षकाचे, एक विषाचे.

या भातात गुण नाही असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. चीनमध्ये ‘श्वे-चि-खांग’ हे लाल भातापासून केलेले औषध प्रमाणित करून, औषध म्हणूनच वापरले जाते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे पाच हजार रुग्णांवर, सरासरी साडेचार वर्षे, त्याचा अभ्यास झाला आणि तो २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना औषधरहित गोळी मिळाली त्यांच्यात हृदयाच्या गंभीर घटना १०.४ टक्के, तर औषध घेणाऱ्यांत ५.७ टक्के घडल्या. हा परिणाम मोठा आहे. मात्र तो मोजलेल्या मात्रेचा, तपासलेल्या मालाचा आणि वैद्याच्या देखरेखीचा परिणाम आहे. बाटलीवरील ‘नैसर्गिक’ या विशेषणाचे ते श्रेय नव्हे.

युरोपातही हाच पेच निर्माण झाला. दररोज १० मिलिग्रॅम मोनॅकोलिन के कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवण्यास मदत करते, असे तेथील अन्नसुरक्षा संस्थेने २०११ साली मान्य केले. परंतु लोवास्टॅटिन हे औषधही १० मिलिग्रॅमपासूनच दिले जाते! जे काम करते तेच अपायही करू शकते, ही साधी गोष्ट २०१८ च्या तिच्याच अहवालात उतरली; ज्याविषयी निश्चिंत राहता येईल अशी मात्रा सांगता येत नाही, असे तिने म्हटले. २०२२ साली युरोपीय संघाने दिवसाला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी अशी मर्यादा घातली आणि लेबलावर इशारे सक्तीचे केले.

कणभर घाण

आता २०२४ सालाकडे येऊ. त्या वर्षी मार्च महिन्यात जपानमधील कोबायाशी या औषधकंपनीने कोलेस्टेरॉलसाठी विकल्या जाणाऱ्या आपल्या बेनि-कोजीच्या गोळ्या बाजारातून परत मागवल्या. त्या घेणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडत होती. पहिल्या तक्रारी कंपनीकडे जानेवारीतच आल्या होत्या. जाहीर सूचना निघायला दोन महिने लागले. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि अनेक मृत्यूंची या गोळ्यांच्या संदर्भात चौकशी झाली. ही माणसे बेफिकीर नव्हती. आपल्या प्रकृतीची काळजी घेणारी, आमच्यासारखीच अहवाल वाचणारी, म्हणूनच त्या गोळ्यांकडे वळलेली अशी ती माणसे होती.

या घटनेतील एक तपशील आम्हांस अस्वस्थ करून गेला. कंपनीने मोनॅस्कसचा जो वाण निवडला होता तो सिट्रिनिन तयार न करणारा होता. ज्ञात विषाचा बंदोबस्त झालेला होता. पण शासकीय तपासात त्या मालात ‘प्युबेरुलिक अ‍ॅसिड’ हा अनपेक्षित पदार्थ सापडला. ओसाका येथील कारखान्यात पेनिसिलियम कुळातील एक निळी बुरशी शिरली होती. तिने ते तयार केले होते. सुंग यिंग-शिंगने १६३७ साली जे बजावले होते, ते ३८७ वर्षांनी इतक्या दारुण रीतीने खरे ठरले. भेद इतकाच की सुंगच्या काळी घाण शिरली तर तबकातील भात फसत असे आणि तो डोळ्यांना दिसे, नाकाला कळे. येथे भात फसल्याचे कळले ते माणसांच्या मूत्रपिंडांवरून. भाताची पूड होऊन ती गोळीत बंद झाली की रंग, वास, चव या तिन्ही साक्षीदारांची तोंडे बंद होतात. बुरसलेले ओळखणारी आजीची नजर तेथे उपयोगी पडत नाही. तिची जागा घेणारी प्रयोगशाळा प्रामाणिक आणि तत्पर असावी लागते.

त्याच वर्षी ५ जून रोजी आकिरा एंदो वयाच्या नव्वदाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या शोधातून निघालेल्या औषधांनी कोट्यवधी लोकांचे आयुष्य वाढवले. बुरशीतून औषध कसे काढावे हे त्यांनी जगाला शिकवले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्याच देशात बुरशीवरील नजर ढळली की काय होते तेही दिसून आले.

मग वाचकाने काय करावे?

आम्ही वैद्य नाही. औषध सुचवण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु या इतिहासातून जे निष्पन्न होते ते सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. लाल भाताची कॅप्सूल ही स्टॅटिनच आहे असे मानूनच तिच्याकडे पाहावे. ज्याला डॉक्टरांनी आधीच स्टॅटिन दिले आहे, त्याने ती वर घेऊ नये. मात्रा दुप्पट होते, गुण दुप्पट होतोच असे नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ती टाळावी. यकृताचा विकार असेल तर ती घेऊ नये. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके आणि इट्राकोनॅझोलसारखी बुरशीवरील औषधे रक्तातील या रेणूचे प्रमाण धोकादायकपणे वाढवतात. ग्रेपफ्रूटचा रसही ते वाढवतो. कारणाशिवाय स्नायू दुखू लागले, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि बाटली सोबत न्यावी. बाटलीवर मोनॅकोलिनचे प्रमाण आणि सिट्रिनिनच्या तपासणीचा उल्लेख नसेल, तर आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही असे समजावे. आणि सर्वांत महत्त्वाचे: ‘आणखी काही घेता का?’ या प्रश्नाच्या उत्तरात काढे, चूर्णे, कॅप्सूल, सारे यावे. डॉक्टरांची गोळी मात्र आपल्या मनाने कधीही सोडू नये. स्टॅटिन सोसत नसेल तर मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते; पण हे बोलणे त्यांच्याशी व्हावे लागते.

शेवटी शब्दाकडे परत येतो. ‘नैसर्गिक’ हे विशेषण आम्ही साहित्यचर्चेत किती सैलपणे वापरतो! नैसर्गिक शैली, नैसर्गिक संवाद, नैसर्गिक प्रतिभा. जे सहज वाटते त्यामागे किती हातांची किती मेहनत असते, हे विद्यार्थ्यांना सांगताना आम्ही थकत नाही. आणि बाटलीवर तोच शब्द दिसला की आमची सारी टीकादृष्टी गळून पडते. लाल भाताचा इतिहास सांगतो की तो कधीच नुसता निसर्गाचा नव्हता. तो वाहत्या पाण्यात धुतलेल्या तांदळाचा, स्वच्छ तबकांचा आणि रात्रंदिवस रंग बदलताना पाहणाऱ्या डोळ्यांचा होता. सुंगने त्या हातांविषयी लिहिले, लेबलाने ते हात पुसून टाकले.

आमचे संस्कृतचे सर आता निवृत्त झाले आहेत. डॉक्टरांनी बदलून दिलेली, कमी मात्रेची गोळी ते घेतात आणि पायी फिरायला जातात. ती रिकामी बाटली मात्र त्यांनी अनेक महिने टेबलाच्या खणात ठेवली होती. निरोपसमारंभाच्या दिवशी खण आवरताना ती हाती लागली तेव्हा त्यांनी लेबल आम्हांपुढे धरले आणि विचारले, ‘यातलं विशेषण कोणतं आणि विशेष्य कोणतं, सांगा बघू.’ आम्ही हसलो. वर्गात गेलो की अधूनमधून तो प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांनाही घालतो.